साळूबाईच्या जबाबात नसलेली गाय

सदर मजकूर लिहिणार हा शिरूर कासारला कचेरीसमोर गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या मसुद्यात वकिलांनीही कधी खोट काढलेली नाही. भास, बाधा असले प्रकार सांगणाऱ्यांना मी टेबलावरून उठवून देत असे... आता देववत नाही.

दुष्काळाच्या साली आमच्याकडे एका सहकारी सोसायटीची चारा छावणी होती. तिथल्या मॅनेजरचा एका संध्याकाळी कडब्याच्या गंजीमागे खून झाला. चाऱ्यावरून त्याच्याशी भांडलेला दगडू पकडला गेला. छावणीतली म्हातारी साळूबाई माझ्याकडे जबाब लिहून घ्यायला आली. म्हणाली, "दगडूसारखा आवाज आला. मानूस न्हाई दिसला."

मी लिहिले — 'समक्ष पाहिले'.

ऐकीव अर्ज साहेब परत करतात, म्हणून मी सर्वच अर्जांत तसे लिहीत असे. अंगठा घेतला, वाचून दाखवायचे राहिले. पुढे कोर्टात तो कागद तिला वाचून दाखवला, तेव्हा अंगठा दिलेल्या कागदाविरुद्ध बोललो तर आपल्यालाच बेडी पडेल, या भीतीने ती "व्हय" म्हणाली. दगडूला जन्मठेप झाली. साळूबाई नंतर वारली. मी गप्प राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात बीडचा एक वार्ताहर आला. दगडू निर्दोष असावा, असे त्याचे म्हणणे होते. मी प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत ठेवतो. तो म्हणाला, "दाखवा ना, नाना."

"माझे अक्षर मीच वाचतो," मी म्हणालो. त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केले. भर दुपार होती.

मी वाचले. वाकून पाहणारा शेजारचा स्टॅम्पवाला हसला. "ओ नाना, चष्मा बदला! कागदावर येक, तोंडात येक!"

रागाने मी पुन्हा वाचले. डोळ्यांपुढे 'समक्ष पाहिले' स्वच्छ दिसत होते. वार्ताहराने रेकॉर्डिंग ऐकवले. आवाज माझाच — "गाय बसली होती. मी शेपटी धरून तिला उठवीत होते. पाठ गंजीकडे होती. पाहिले नाही." दोन्ही वेळा, शब्दन् शब्द तोच.

गाईचे तर साळूबाईने मला कधी सांगितलेच नव्हते.

आम्ही तिच्या सुनेकडे गेलो. वार्ताहराने एवढेच विचारले, "त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"छावनीतच. गाय बसलती. आत्यानं शेपूट धरलं, म्या पोटाखाली पोतं घातलं. दोघींची बी पाठ गंजीकडं."

"आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कुनी?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आत्या मरंस्तवर म्हनायची, नानानं कागद वाचून दावला असता तर..."

मी चुकीचा जबाब लिहिल्याचे प्रतिज्ञापत्र दिले आहे. सुनेचाही जबाब झाला. तारखा पडत आहेत. दगडू अजून आतच आहे.

लोक म्हणतात, नाना, तुमचे मन खात होते, तेच बोलले. परंतु माझ्या मनाला ती गाय कुठून माहीत? आणि खरे लिहायचे तर मन खातही नव्हते... इतकी वर्षे मला रोज शांत झोप लागत होती.