कांद्याच्या मुळांची वेळ

शेलार गावची कमळा पाटील सातवी शिकलेली. नवरा गेल्यावर भिवंडीतल्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून लागली. काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, स्लाइडींचा डबा काढून द्यायचा आणि मोजून परत ठेवायचा, एवढंच तिचं काम. त्या तयार स्लाइडी जुन्या, रंग उडालेल्या. मुलं मायक्रोस्कोपमध्ये डोकावल्यासारखं करत आणि आकृत्या पुस्तकातून उतरवत.

दोन हजार सहा साली जीवशास्त्र शिकवायला निशा मॅडम नव्याने आल्या. म्हणाल्या, मुलांनी कांद्याच्या मुळांच्या स्लाइडी स्वतःच्या हाताने करायच्या आणि पेशीचं विभाजन त्यात बघायचं. कमळाने पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेवले. बाजारचे कांदे नुसतेच कुजले. तिने घरचे आणले, सुकलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडली, तेव्हा कुठे पांढरी मुळं फुटली. पण स्लाइडवर काहीच दिसेना. नुसते गोल ठिपके.

"राहू दे, कमळाताई," तिसऱ्यांदा फसल्यावर मॅडम म्हणाल्या. "डबाच काढा."

"पण का दिसत न्हाय?"

"पेशी विभागत असते तेव्हाच गुणसूत्रं आखडून जाड होतात, म्हणून दिसतात. एरवी सैल धाग्यांसारखी पसरलेली असतात. आपण मुळं दुपारी तोडतो. पुस्तकात सकाळ दिलीय, पण आपल्या कांद्यांची नेमकी वेळ कोण बघत बसणार?"

"मी बघते."

तिने मॅडमकडून औषधाच्या छोट्या बाटल्या भरून घेतल्या. त्यात टाकलं की मूळ आहे त्या स्थितीत थांबतं. रविवारी पहाटे पडवीत मुळं फुटलेल्या कांद्यांचे आठ ग्लास मांडले. सासू बघत राहिली. "कांदं काय पुजायला मांडलंस?" कमळा हसली नाही, कारण घड्याळावरून नजर हलवायची नव्हती. सहापासून दुपारी एकपर्यंत दर तासाला मुळांची टोकं तोडून बाटलीत टाकली आणि बाटलीवर वेळ लिहिली.

सोमवारी मॅडमनी तिला बाकावर बसवलं. टोक लाल रंगात घालून दिव्यावर ऊन करायचं, काच ठेवायची, वर टिपकागद, आणि अंगठा सरळ दाबायचा. "भाकरीसारखं थापू नका, काच सरकते." सहाच्या बाटलीत जवळजवळ काही नव्हतं. आठच्या बाटलीत थोडं. नऊच्या बाटलीतलं टोक बघून मॅडम उठल्या आणि त्यांनी तिला जागा दिली.

कमळाने डोळा लावला. एका पेशीत लाल काड्या मधोमध रांगेत उभ्या. शेजारच्या पेशीत तशाच काड्या उभ्या चिरलेल्या, एक भाग या टोकाला ओढला जाणारा, एक त्या टोकाला.

"दोन्हीकडं सारख्याच जातात?"

"सोळा इकडे, सोळा तिकडे."

"आनि एखादी चुकली तर?"

"तर एका पेशीत एक जास्त, दुसरीत एक कमी. होतं कधी कधी."

कमळाने पुन्हा डोळा लावला आणि काड्या मोजायला लागली. दहापासून पुढच्या बाटल्यांत पुन्हा कमी कमीच दिसलं.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातले सर परीक्षक म्हणून आले. क्षितिजा नावाच्या मुलीची स्लाइड बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली. "इतकं स्पष्ट मुलांना जमत नाही, ही विकतची तयार स्लाइड आहे. माझ्यासमोर नवी कर."

क्षितिजाने घाईत अंगठा जोरात दाबला, काच फुटली. मॅडमनी कमळाकडे पाहिलं. कमळा पुढे झाली. बाटलीतलं टोक उचललं, रंग, दिवा, काच, टिपकागद, अंगठा. सरांनी डोळा लावला, नळी वरखाली केली, मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"मॅडम, मुळं किती वाजता तोडली होती?"

"त्यांना विचारा."

"नवाला, सर," कमळा म्हणाली. "साडेनवाला न्हाय. नवाला."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. क्षितिजाला दुसरी काच देऊन म्हणाले, "घाई नको, यांच्यासारखी कर." तिला जमलं.

तेव्हापासून डबा कपाटातच आहे. कल्याणच्या एका कॉलेजातल्या अटेंडंट बाई दोनदा शिकायला येऊन गेल्या. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा कमळाच्या टेबलावर लसणाच्या पाकळ्या पाण्यात ठेवलेल्या होत्या. लसणाची वेळ अजून बघायची होती.