पहिली सुई मामाजींची

आमच्या गावात कोरोनाच्या लसीचं पहिलं शिबिर लागणार होतं आणि माझ्या यादीतल्या एकाही माणसाला यायचं नव्हतं. मी गावची आशा कार्यकर्ती. रामाकोन्याकडच्या या गावात सून म्हणून आले त्याला वीस वर्षं झाली. इथल्या पोरांना डोस पाजायला मी, अडलेल्या बायांना तालुक्याला, सौंसरच्या दवाखान्यात न्यायला मी. पण त्या महिन्यात माझी साडी कोपऱ्यावर दिसली की लोक आतून कडी लावायचे. शेजारची काकू तर आतूनच सांगायची, "घरी कोणी नाई." मीही काही कमी नाही. "मंग बोलून कोण राहिलं?" असं विचारूनच पुढे जायचे.

मी स्वतः लस घेतली होती, पण ते कोणी हिशेबात धरत नव्हतं. "तुही तं नोकरीच हाये. घरच्या म्हाताऱ्याले दे आधी," म्हणायचे.

घरचे म्हातारे म्हणजे माझे सासरे. मामाजींची सत्तरी उलटलेली, सगळं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. बागेत काही करायचं झालं की गाव आधी त्यांना विचारतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "जातो मी. पण तयारी माही मी करीन."

मला इतका आनंद झाला की कसली तयारी ते विचारायचं राहून गेलं. तिथेच मी चुकले. माझी तयारी म्हणजे अर्ध्या बाह्यांचा सदरा इस्त्री केला, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, बीपीच्या गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहिलं. शिबिराच्या सकाळी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि खुर्च्या मांडायला शाळेत पुढे गेले.

दहाच्या सुमारास मामाजी आले. मागे पंधरा-वीस माणसं. लस घ्यायला नव्हे, बघायला. सगळी भिंतीला टेकून उभी राहिली. आज हा माणूस नुसता डगमगला तरी माझी यादी चुलीत घालायची, हे मला कळत होतं.

सौंसरहून आलेल्या सिस्टरनं त्यांना खुर्चीत बसवून विचारलं, "बाबाजी, जेवले?"

"नाई. काल दुपारपासून पाण्याचा थेंब नाई घेतला." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं आणि उठता उठता टेबल धरलं.

मी धावले. "मामाजी, काहून असं केलं?"

"काहून म्हणजे? झाडाले ताण देल्ल्याबिगर बहार येते का? माती सुकली का मंग झाड पाणी कसं घटाघटा पेते. म्या म्हटलं, आंग तसंच कोरडं केलं तं टीका चांगला लागन."

टीका म्हणजे लस. आणि संत्र्याला फुलं यावीत म्हणून आमच्याकडे बागेचं पाणी काही दिवस बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात; पुन्हा पाणी सोडलं की ताण तोडला. चाळीस वर्षं झाडांना दिलेला ताण म्हाताऱ्यानं या वेळी स्वतःला दिला होता.

भिंतीकडून आवाज आला, "सुईच्या आगुदरच डोलून राहिला बुढा."

माझं डोकं फिरलं. "भुकेनं डोलून राहिले ते! टीका अजून डब्यातच हाये," मी ओरडले आणि घरून ताट घेऊन आले. मामाजी सगळ्यांसमोर सावकाश जेवले. तांब्याभर पाणी प्याले. सिस्टरनं बीपी बघितलं, ठीक निघालं. मग त्यांनी स्वतःच बाही वर केली. सुई टोचली तेव्हा ते भिंतीकडेच बघत होते. अर्धा तास खुर्चीत बसले आणि उठून सरळ घरी न जाता अख्ख्या गावाला वळसा घालून गेले, प्रत्येक ओट्यापाशी थांबत. मी मागे मागे होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोक त्यांना बघायला घरी आले. ते शाल पांघरून ओट्यावरच बसले होते. "कणकण हाये," प्रत्येकाला सांगत होते, "नवं रोप लावलं का दोन दिवस मान टाकतेच ना?" तिसऱ्या सकाळी ते बागेत फांद्या छाटत होते.

पुढच्या शिबिराला शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. सगळ्यांत पुढे काकू.

"जेवल्या का?" सिस्टरनं विचारलं.

"नाई. इच्या सासऱ्यावानी ताण देल्ला."

मी रांगेकडे बघितलं. सगळ्यांचे ओठ सुकलेले. माझं ओरडणं कोणाच्या कानावर गेलंच नव्हतं. म्हातारा उपाशी गेला आणि तिसऱ्या दिवशी बागेत उभा होता, एवढंच गावानं बघितलं होतं.

मग चुली पेटल्या, पोह्यांची पातेली आली. मामाजी पाण्याची घागर आणि संत्र्यांची टोपली घेऊन रांगेतून फिरले. "तोडा रे ताण," म्हणत एकेकाच्या हातात फोड ठेवत गेले. त्या दिवशी उठताना कोणाला टेबल धरावं लागलं नाही.

दुपारपर्यंत लस संपली, रांग मात्र उरली. मला बघून दारं लावणाऱ्या त्या गावाला मी पहिल्यांदाच शाळेच्या दारातून परत पाठवलं. म्हटलं, पुढच्या वेळी या, आणि जेवून या.