फळीवाल्याचं सुतक

फळीवाला वारल्याची बातमी काष्टीच्या गोरक्षनाथाला मिळाली ती रविवारी दुपारी, शेंगा फोडताना. नात धनश्री नगरच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. मोबाईलवर बोट फिरवता फिरवता ती थांबली, भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं.

"आबा, तुमचा फळीवाला गेला."

"कुठं?"

"वारला. अमेरिकेत. शहाऐंशी वर्षांचा होता."

गोरक्षनाथाने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "काय झालं हुतं?"

"म्हातारा झाला होता."

या कारणावर त्याला काही हरकत घेता येईना.

भिंतीवरचं चित्र म्हणजे एका रेकॉर्डचं पाकीट होतं. त्यावर समुद्राची लाट, लाटेवर फळी आणि फळीवर गिटार घेतलेला एक गोरा तरुण, संपूर्ण कोरड्या कपड्यांत. त्याचं नाव काष्टीत कोणालाच धड म्हणता आलं नाही, म्हणून फळीवाला. त्या देशात लाटेवर फळी टाकून उभं राहण्याचा खेळ आहे, त्या खेळाच्या नादाने गिटारीचा एक वेगळाच बाज निघाला आणि तो काढणाऱ्या पहिल्या दोघा-तिघांत हा एक, असं धनश्रीने आता वाचून दाखवलं. काष्टीहून समुद्र दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. गोरक्षनाथाने तो अजून पाहिलेला नाही.

त्र्याहत्तर साली बँडमास्तर उत्तमरावांनी त्याला भिंगारच्या जुन्या बाजारात ट्रंपेट आणायला धाडलं होतं. तो बदली झालेल्या कुणा मिलिटरी साहेबाच्या सामानातली विजेची गिटार, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि ही एक रेकॉर्ड घेऊन परतला. उत्तमरावांनी गिटारीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "तंबुऱ्याला वायर कशापायी?" पण ट्रंपेटवाले गावोगाव होते, गिटारवाला तालुक्यात एकही नव्हता. उत्तमरावांना संगीतातलं नसलं तरी एवढं कळत होतं.

रेकॉर्डवर कोणी गात नव्हतं. नुसती गिटार, आणि तीही एका तारेवर दोघं भांडत असल्यासारखी. रेकॉर्डच्या सुरापर्यंत चढवल्या की तारा तुटायच्या. मग गोरक्षनाथाने सायकलच्या ब्रेकची वायर उलगडून तिच्या तारा केल्या. सहा महिन्यांनी तो वरातीत उभा राहिला आणि पुढची चौदा वर्षं काष्टीपासून पारनेरपर्यंत लोक नवरदेव सोडून त्याच्याकडे पाहत राहिले. कधी मुलीचा बापसुद्धा.

पण घरी आल्यावर तो रेकॉर्ड लावायचा आणि तुकड्याच्या शेवटी फळीवाला त्याला दर वेळी चार-सहा सुरांनी मागे टाकून जायचा. चौदा वर्षांत ते अंतर तुटलं नाही. सत्त्याऐंशी साली एका वरातीत बोटं आखडली तेव्हा त्याने ठरवलं, की आपण नुसती नक्कल, आणि तीही उणी. गिटार पोत्यात घातली आणि साखर कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन झाला. निवृत्त होईपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांना हात दाखवत राहिला.

"लावू का त्याचं?" धनश्रीने विचारलं. "हे बघा, तुमचंच आहे."

मोबाईलमधून गिटार निघाली ती गाभण म्हशीच्या चालीने. गोरक्षनाथ ऐकत राहिला. सूर ओळखीचे होते, पण जाडसर, खालच्या पट्टीतले, कसलीही घाई नसलेले.

"हे म्हातारपणचं असंल."

"नाही आबा. त्रेसष्ट सालचं. याच रेकॉर्डवरचं."

धनश्री इंजिनिअरिंगला होती. तिने माळ्यावरून यंत्र खाली काढलं, धूळ पुसली. रेकॉर्डच्या मधल्या कागदावर तेहतीस आकडा होता. यंत्राचा खटका पंचेचाळीसवर गंजून बसला होता.

"रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस वेळा फिरायला हवी होती. तुमचं यंत्र पंचेचाळीस वेळा फिरवत होतं. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"खटका आला तवापासनं तिथंच हाय," गोरक्षनाथ म्हणाला. मग थोड्या वेळाने, "म्हंजे तो इतक्या जोरात वाजवत नव्हता?"

"इतक्या जोरात कोणीच वाजवत नव्हतं. तुम्ही सोडून." ती हसली, चारची एसटी गाठायची म्हणून उठली आणि गेली.

ज्याने मागे टाकलं म्हणून गिटार सोडली, तो माणूस कधी पळालाच नव्हता. ही गोष्ट एवढी मोठी होती की ती ताबडतोब कोणाला तरी सांगणं भाग होतं. बायकोला, झुंबरबाईला, जाऊन चार वर्षं झाली होती. पोरगा चाकणला, कंपनीत. बँडमधला जिवंत माणूस एकच उरला होता, ड्रमवाला रंगनाथ. तो बाजारतळामागे राहायचा.

रंगनाथ ओट्यावर तंबाखू मळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तू त्याच्या म्होरं हुतास?"

"व्हय."

"मला वाटलंच हुतं."

"तू कदी ऐकलंस त्याला?"

"त्याला कशाला ऐकू? तुला ऐकत हुतो की. इतका पळायचास की वरातीला नाचता येईना. नवरदेवाचे दोस्त दोन मिन्टात खाली बसायचे. माजं ह्ये मनगाट त्यातच गेलं, अजून ठणाकतंय."

"मग बोलला का न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुजा कान त्या रेकॉर्डीला." रंगनाथाने तंबाखू दाढेखाली धरली. "चौदा वर्सं शेजारी उभा राहून वाजवलं. एकदा तरी इचारलंस, रंग्या, कसं झालं?"

गोरक्षनाथाने आठवून पाहिलं. विचारलं नव्हतं.

घरी येऊन त्याने पोतं सोडलं. विजेची गिटार विजेशिवाय डासाएवढी वाजते. तारा गंजल्या होत्या, तरी त्याने तो तुकडा धरला, फळीवाल्याच्या खऱ्या चालीने. ती चाल वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीसुद्धा बोटांना जमत होती. अडचण वेगळीच होती. हात सारखा पुढे निघून जात होता आणि पुढे कोणी नव्हतं.

सुतक त्याने कोणाला न विचारता धरलं. नऊ दिवस दाढी केली नाही, देवळात गेला नाही, शेजाऱ्यांकडून पुरणपोळी आली ती परत पाठवली. शेजाऱ्यांना राग आला, पण कारण विचारायला कोणी आलं नाही. दहाव्या दिवशी तो सकाळीच एसटी स्टँडजवळच्या सलूनमध्ये जाऊन बसला.

"डोकं करायचं," तो म्हणाला.

सलूनवाल्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "कोण गेलं, आबा?"

"भावकीतलं."

"गावात तर काय कानावर आलं न्हाई."

"लांब हुता."

सलूनवाल्याने वस्तऱ्यात पातं घातलं आणि तो थांबला. डोकं थोरल्यासाठी करतात, धाकट्यासाठी करत नाहीत, आणि चुकीचं डोकं केलं तर नाव त्याचं खराब होतं.

"थोरले का धाकटे?"

गोरक्षनाथाने आरशात पाहिलं. प्रश्न साधा होता. मागे बाकड्यावर दोघं पेपर वाचत बसले होते, त्यांनीही उत्तरासाठी मान वर केली.

"थोरला," तो म्हणाला. "वयानं."

सलूनवाल्याने पुढचं काही विचारलं नाही. त्याने डोक्यावर पाणी मारलं आणि मान खाली करायला सांगितलं.