खंडेनवमीला अडकलेला लॅपटॉप

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, बोलणं वाचलं, नशीब समजा. उजव्या हाताचं काय, असं विचारलं तर म्हणाले, व्यायाम करा. केला. रबरी चेंडू दाबला, भिंतीवर बोटं चढवली. हात आता वर येतो, चहाचा कपही धरतो. पण कीबोर्डवर ठेवला की रुसलेल्या जावयासारखा नुसता बसून राहतो.

माझा धंदा लिहिण्याचा. फार मोठा नाही, दोन पुस्तकं आणि दिवाळी अंकांतले लेख, पण दुसरं काही मला येत नाही. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला लागलो तर एक शब्द पुरा होईपर्यंत वाक्याचा शेवट डोक्यातून पळून जायचा. आणि लिहायचं होतं ते बायकोवर. मला झटका येण्याच्या आदल्या वर्षी ती गेली. तिच्याबद्दलचं जे काही डोक्यात शाबूत होतं, ते पुसट व्हायच्या आत उतरवायला हवं होतं. दुसरी कसलीच घाई मला नव्हती.

मुलानं बोलून टाइप करायची युक्ती दाखवली. पण आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही, आणि झटक्यानंतर माझा आवाज आणखीच चढलेला. लाजत लाजत तिच्याबद्दल चार वाक्यं बोललो, तर समोरच्या गॅलरीतून शेजारी ओरडले, "व्हय ओ, लई गुणाची होती वहिनी!" शेजाऱ्यांचं मन चांगलंच आहे. पण बायकोच्या आठवणी काय गल्लीला ऐकवत काढायच्या? त्या दिवशी लॅपटॉप मिटला तो मिटलाच.

त्यावरची धूळ दिसली सुनेला. ती निपाणीकडची, तिकडच्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणणारी, पेठ वडगावात एका ऑफिसात कामाला. रोज मोपेडवर जाते-येते. सासऱ्याला ती मामा म्हणते, सासूला आत्या म्हणायची. तिनं मला काही उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, "मामा, तुमची जुनी पुस्तकं लॅपटॉपात हायत न्हवं? मग मी बघतो की."

तिनं काय बघितलं ते मला पुढं कळलं. मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो, त्यात म्हणे आपण स्वतः लिहिलेल्या छोट्या छोट्या आज्ञा चालवता येतात. त्यांना ती स्क्रिप्ट म्हणते. फक्त त्यासाठी एक जास्तीची जोड, म्हणजे एक्स्टेन्शन, बसवावी लागते. माझ्या दोन्ही पुस्तकांतले शब्द गोळा करून तिनं अशी एक स्क्रिप्ट तयार केली, की मी शब्दाची पहिली दोन अक्षरं टाइप करून एक बटण दाबायचं आणि माझाच नेहमीचा शब्द पुरा होऊन समोर यायचा. ऑफिसातून दमून आल्यावर, भाजी चुलीवर ठेवून ती हे करत होती. मला वाटायचं मोबाइल बघत बसलीय.

जोड बसवायला तिला सुट्टीचा दिवस मिळाला तो नेमका खंडेनवमीचा. सकाळीच आम्ही दोघं लॅपटॉपपुढं बसलो. तिनं इंटरनेटवरून जोड उतरवून घेतली, उघडली, लांबलचक अटी खाली सरकवत नेल्या, 'मान्य' दाबलं. एक पट्टी भरत गेली आणि सूचना आली, की काम झालं, आता प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा.

तेवढ्यात मुलगा आंघोळ करून आला. पान्हे, विळी, कात्री, गाड्यांच्या किल्ल्या सगळं देवापुढं मांडलेलं होतंच. त्यानं आमच्या पुढ्यातला लॅपटॉपही उचलला, पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल. मी हां हां म्हणेपर्यंत पूजा झाली. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, दसऱ्याला उचलायचं, हा आमच्या घरचा नेम. फुलाखाली ती सूचना तशीच चमकत होती.

"आरं, अर्धवट हाय त्ये! एक बटण दाबू दे," मी ओरडलो.

"आता पूजा झाली की आबा. उद्या."

"देवाला काय कळतंय त्यातलं?"

"देवाला न्हाय, आईला कळत हुतं," मुलगा म्हणाला आणि आत निघून गेला.

खरं होतं ते. हाच नेम ती कडक पाळायची. संपादकाचा फोन आला तरी खंडेनवमीला माझं पेन ती देव्हाऱ्यातून काढू द्यायची नाही. एरवी माझ्या लिखाणाला ती "तुमचं ते" म्हणायची, पण पेनाला कुंकू लावताना मात्र डोक्यावरून पदर घ्यायची. हे सगळं माहीत असूनही माझा पारा उतरेना. इतके महिने थांबलो आणि एका बटणासाठी पुन्हा थांबायचं! जेवणार नाही म्हणून कोपऱ्यात जाऊन बसलो.

सून कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि खाली माझ्यासमोर बसली. माझा उजवा हात, तो आडमुठा, तिनं आपल्या हातात घेतला आणि त्याच्यावर हळदकुंकू लावलं.

"मामा, ह्ये बी हत्यारच की. जन्मभर राबलंय. आज ह्याला बी सुट्टी."

मला रडू आलं. झटका आल्यापासून मी त्या हाताला शिव्याच देत आलो होतो. कोणी त्याचा मान ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या आयुष्यात पुष्कळांचे उपकार आहेत, पण त्या एका चिमटीभर कुंकवाएवढं मोठं कुणी काही दिलं असेल असं मला वाटत नाही.

"आता जेवा," ती म्हणाली. जेवलो. डाव्या हातानं, म्हणजे कुंकू पुसलं जायला नको.

दसऱ्याला मुलानंच लॅपटॉप आणून माझ्या पुढ्यात ठेवला. सुनेनं प्रोग्रॅम बंद करून सुरू केला. आधी तो अडूनच बसला, अनोळखी आज्ञा चालवणार नाही म्हणून. तिनं कुठं तरी परवानगी दिली आणि मला म्हणाली, टाइप करा. मी दोन अक्षरं टाइप करून बटण दाबलं. 'अर्थात' असा अख्खा शब्द उभा राहिला.

"लई वापरताय तुम्ही ह्यो शब्द," ती हसून म्हणाली. मग तिनं विचारलं, "मामा, आत्यांचं नाव तेवढं कुठं सापडलं न्हाय मला. घालू का त्यात?"

सापडणार कसं? आमच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, लिहायची तर नव्हतीच. अगं, ए, यातच संसार झाला.

"नको," मी म्हणालो. "त्ये मी समदं टाइप करणार."

तिनं मान हलवली. उठली आणि जाताना दार ओढून घेतलं. आमच्या घरात दिवसा दार लावत नाहीत.

मी डाव्या हाताच्या बोटानं बायकोचं नाव लिहिलं. एकेक अक्षर शोधत, सावकाश. आणि बोट नावावरून पुढं सरकलं, तेव्हा वाक्याचा शेवट डोक्यात होता तसाच होता.