पट्टीवर ‘जुनी’ होतं

ओल्या सरकीचा वास आला की माझी बोटं आजही गार पडतात. मी नोंदी ठेवायचो त्या नेरच्या जिनिंग मिलसमोर तीन दिवसांपासून कापसाच्या बैलगाड्या रांगेत होत्या आणि त्यांच्या नंबरांची यादी फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. गेल्या हंगामाच्या याद्या उडवायला मी एडिटरमधल्याच शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कमांड दिली. खालच्या पट्टीवर ‘जुनी’ फोल्डर दिसत होतं, पण उडालं ‘चालू’. तो एडिटर टाइप केलेली ‘सीडी’ ही फोल्डर बदलायची कमांड वाचूनच जागा ओळखायचा, आणि मी मघाशी सहकाऱ्याने बनवलेल्या एकाक्षरी शॉर्टकटने फोल्डर बदललं होतं. शेल ‘चालू’मध्ये गेला, पट्टी ‘जुनी’वरच राहिली. नंबर चुकला असता तर बाहेर काठ्या निघाल्या असत्या. सहकारी मात्र सरळ दारात गेला. “यादी गेली. कोनाच्या मांगं कोन हाय, तुमीच सांगा!” मी डोळे मिटून घेतले. “पयला मी, माह्या मांगं हा,” सगळ्यात पुढच्या गाडीवरचा म्हातारा म्हणाला. त्या मागच्याने आपल्या मागचा दाखवला. असं शेवटच्या गाडीपर्यंत गेलं, कोणी भांडलं नाही. आता काहीही उडवण्याआधी मी शेललाच विचारतो, तू कुठे आहेस. उत्तर येईपर्यंत ती रांग माझ्या पाठीमागे उभी असते.