विंगेतला कप्तान

हे सांगायला मी आजवर तीनदा तोंड उघडलंय, आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी बोललोय. एकदा बायकोपुढे. तिला म्हटलं, चहात साखर कमी आहे. एकदा देवीच्या देवळात, तर गुरवाने नेमकी तेव्हाच घंटा बडवली आणि माझं अवसान गळालं. तिसऱ्यांदा अलिबागला जाताना रिक्षात, शेजारच्या अनोळखी बाईंपुढे. अनोळखी माणसाला काय, सांगितलं काय नि न सांगितलं काय! पण त्यांनीच विचारलं, "काय झालं दादा?" आणि मी म्हटलं, "काय न्हाय, डोळ्यात धूळ गेली." तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून जमेल कदाचित. बघू.

मी रेवदंड्याचा. वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, जेवणाचं बायको बघते. त्याआधी पंचवीस वर्षं न्हावा शेव्याला एका एजंटाकडे नोकरी केली. काम काय? कंटेनरवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, ते बघायचं. जुळला की खूण करायची आणि पुढच्या कंटेनरकडे जायचं. अशा माणसाला जगात कोण ओळखतो?

पण मला ओळखायचे. जत्रेला आमच्या आळीचं नाटक असतं, दरवर्षी तेच, गावातल्याच एका मास्तरांनी फार पूर्वी लिहिलेलं. किल्ल्याला वेढा पडलाय, आतला फिरंगी कप्तान हट्ट सोडत नाही, आणि शेवटी किल्ल्याची चावी एका कोळणीच्या हातात देऊन आपली माणसं वाचवतो. असं खरंच घडलं होतं का, हे कोणी विचारत नाही. चारला पडदा उघडतो, कारण दिवस मावळला की भरतीबरोबर होड्यांना निघायचं असतं. तर तो कप्तान मी. एकोणीस वर्षं. तोंडाला पावडर, केसांना पिवळा रंग — पंधरा दिवस निघायचा नाही, ऑफिसात सगळे हसायचे. पण गावात रिक्षावालेसुद्धा मला कप्तान म्हणायचे. नावाने हाक मारणारी एक आई तेवढी होती.

आणि मग वेर्नर आले. सत्तरी ओलांडलेला जर्मन माणूस, पाहुणा म्हणून पंधरा दिवसांसाठी आला आणि पुढे दर हिवाळ्याला सहा सहा महिने राहू लागला. आळीतल्या बायकांनी त्यांचं वर्णेकरकाका करून टाकलं. मीही काकाच म्हणायचो. ते नट होते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. साधेसुधे नट नव्हेत. तिकडे म्हणे शहराचं स्वतःचं नाट्यगृह असतं आणि नटाला महिन्याच्या महिन्याला पगार असतो. नाटकात पगार! मी दोनदा विचारून खात्री केली. एका बंदराच्या गावात, जहाजाच्या सुताराच्या पोटी जन्मलेला हा माणूस तीस वर्षं तशा नाट्यगृहात उभा होता. राजे केले, भिकारी केले, खुनी केले. मग टीव्हीवर बारा वर्षं एका मालिकेत डॉक्टर. रस्त्यात लोक थांबवून त्यांना गुडघे दाखवायचे, असं ते हसत सांगायचे. फोनवर त्यांनी ती मालिका दाखवली, तर आमच्या शेजारच्या काकूही दुसऱ्या दिवशी गुडघा घेऊन हजर!

एकदा पडवीत सुपारी सोलताना मी विचारलं, नाटक सोडलंत का? तेव्हा सांगितलं त्यांनी. मालिका संपल्यावर ते नाट्यगृहात परतले होते, आणि त्यांची बायको वारल्यानंतरच्या वर्षी, एका प्रयोगात मध्येच डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. त्यांच्याकडे रंगमंचाखाली एका खोक्यात बाई बसलेली असते, वाक्य सांगायला. तिने सांगितलं, पण यांना ऐकू येईना, नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते. चालत आत गेले ते पुन्हा रंगमंचावर आलेच नाहीत. डॉक्टरकडे गेले — खऱ्या. डॉक्टर म्हणाला, आपण विसरतोय हे तुम्हाला जोवर कळतंय तोवर घाबरू नका. ते कळेनासं झालं, की समजा. हे वाक्य त्यांनी मला इंग्रजीत दोनदा सांगितलं, हळूहळू, मला नीट कळावं म्हणून. मला नीट कळलं होतं.

पुढच्या जत्रेआधी मंडळाची बैठक झाली आणि कोणीतरी म्हणालं, "आपल्याकडं खरा फिरंगी हाय, मंग पावडर कशाला खर्च करायची?" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. काय करणार होतो? माणूस माझ्याच घरात राहत होता. आळीतले जाणते माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हटलं, वा! झकास कल्पना. घरी येऊन जेवलो नाही, ॲसिडिटी झाली म्हणालो.

काकांनी आधी साफ नकार दिला. आणि ऐका, त्यांना तयार कोणी केलं? मीच. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मन मोठं दाखवायचं होतं, दुसरं काय. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे प्रॉम्प्टर खोक्यात लपत नाही. विंगेत उघडा बसतो, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा बोलतो. पहिला नारळ त्याच्या हातून फुटतो. नट अडला तर पुढच्या रांगेतल्या बायका सांगतात, "आता चावी दे ना रे!" विसरण्याची इथे लाज नाही. आणि जो भूमिका सोडतो तोच प्रॉम्प्टर होतो, ही आमची रीत, कारण त्याला सगळं पाठ असतं. मी असेन तिथे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, तू असशील तर उभा राहतो.

महिनाभर मी त्यांना शिकवलं. मराठी वाक्यं त्यांनी आपल्या लिपीत वहीत उतरवून घेतली. 'ळ' म्हणता यावा म्हणून सकाळी समुद्रावर चालताना ओरडायचे, कुत्री मागे लागायची. मजा यायची, खोटं कशाला बोलू? ते दिवस चांगले होते. मग आली तालीम — शेवटच्या प्रवेशाची. एकोणीस वर्षं मी तिथे छाती ठोकून आरोळी द्यायचो. काका काहीच बोलले नाहीत. चावी हातात घेऊन नुसते उभे राहिले. इतका वेळ, की समाजमंदिरातला पंखा ऐकू यायला लागला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ही घे चावी." मी वळून पाहिलं तर माझी बायको पदराने डोळे पुसत होती. एकोणीस वर्षांत माझ्यासाठी एकदा तरी पुसले होते का हो तिने? एकदा? मी गेलो आणि पंखा बंद केला.

जत्रेच्या दिवशी सकाळी काकांनी एक अडचण काढली. मी मध्ये मध्ये मुद्दाम थांबतो, म्हणाले, आणि बायका तिथे बोलल्या तर सगळं बिघडेल. खरंच होतं. म्हणून मी सगळ्यांना बजावलं — काका थांबले तर कोणी तोंड उघडायचं नाही, कोळीण झालेल्या वैशालीनेसुद्धा नाही. मग ते खरंच अडले तर मला कसं कळणार? त्यांनी कंबरेच्या पट्ट्याला हात लावून दाखवला. हात पट्ट्यावर गेला की सांग. नाही गेला तर गप्प बस. ही खूण आम्हा दोघांनाच माहीत. तिसऱ्याला नाही.

म्हणजे बघा, अख्ख्या गावाची तोंडं मी बंद केली होती आणि एकच उघडं ठेवलं होतं. माझं.

पहिले दोन अंक तर काय सांगू! माणसं श्वास घ्यायची विसरली. मासे सुकवायचं सोडून आलेल्या बायका, न्हावा शेव्यातले आमचे जुने ड्रायव्हर, सगळे. माझ्यामागे कोणीतरी म्हणालं, "आता खरा कप्तान बघितला." ते मला सांगण्यासाठी नव्हतं. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं.

शेवटचा प्रवेश. "ही घे चावी." पुढचं वाक्य — दार उघड, माझ्या माणसांना समुद्राकडे जाऊ दे. काका थांबले. नेहमीसारखे. मग त्यांचा हात पट्ट्यावर गेला.

मी पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताच्या विंगेतून, दहा फुटांवरून, लख्ख उजेडात. वाक्य माझ्या जिभेवर होतं, मला वहीसुद्धा लागत नव्हती. मी बोललो नाही. त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला, यावेळी दोन बोटं आपटली पट्ट्यावर. माझ्याकडे पाहिलं. घाबरलेले नव्हते हो. मी सांगणारच, अशी खात्री होती त्यांच्या तोंडावर. मी वहीत खाली बघितलं.

किती वेळ गेला, मला विचारू नका. लोकांना आधी वाटलं, थांबलेत. मग चुळबुळ, मग मागून शिट्टी. कोणीतरी ओरडलं, "वर्णेकर, झोपले काय?" आणि सगळी जत्रा हसली. काका त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. वैशाली माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. तेव्हा मी उठलो. सांगायला नाही. पायात चपला, अंगावर शर्ट, तसाच रंगमंचावर गेलो आणि माझ्या त्या जुन्या आवाजात, छाती ठोकून, वाक्य म्हटलं. काय टाळ्या पडल्या! "कप्तान आला रे!" काकांनी चावी माझ्या हातात दिली, मान किंचित झुकवली आणि दुसऱ्या विंगेतून निघून गेले.

तू होतास म्हणून नाटक वाचलं — असं मला किती जणांनी सांगितलं असेल! मी म्हणायचो, अहो, मला वाटलं ते मुद्दाम थांबलेत. लगेच पटायचं.

एवढंच असतं तर कदाचित मी हे तसंच पुरून टाकलं असतं. मत्सर कोणाला होत नाही? पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका पडवीत आले. बायकोने घावन केले होते, त्यांना आवडायचे, त्यांनी हात लावला नाही. मला समोर बसवलं आणि अगदी सरळ विचारलं, "काल मी पट्ट्याला हात लावला होता ना? मला आठवतंय, मी लावला होता. दोनदा."

त्यांना काय विचारायचं होतं, हे मला ठाऊक होतं. नाटकाचं त्यांना काही नव्हतं. आपलं डोकं अजून जागेवर आहे का, विसरलेलं आपल्याला कळतंय का, एवढंच त्या माणसाला माझ्याकडून हवं होतं. एक 'हो'. हो म्हटलं असतं, तर ते माझ्यावर चिडले असते आणि बरे झाले असते. मी विचार केला. पटकन निसटलं तोंडातून, असं नाही. चांगला विचार केला. आणि म्हटलं, "नाही काका. नाही लावलात."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग त्यांनीच मला समजावलं, की तुझी काही चूक नाही. माझा खांदा थोपटला. तीन दिवसांनी खोली रिकामी केली. आणखी दोन महिने राहायचं ठरलं होतं. मुलीला फोन करून सांगितलं म्हणे, की आता वेळ आली, वृद्धाश्रमात जागा बघ. मी त्यांना रेवसला सोडायला गेलो. मुंबईच्या लाँचमध्ये चढताना त्यांनी ती मराठी वाक्यांची वही मला दिली. मी घेतली. परतताना जेट्टीवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पुढच्या जत्रेला कप्तान मी होतो. यंदाही मीच. एक शब्द चुकत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. वडील आता तिलाही ओळखत नाहीत, म्हणाली. बोलत नाहीत. पण एक गोष्ट तिला विचारायची होती, तुमच्याकडे इतकी वर्षं राहिले म्हणून. जेवणाच्या टेबलावर बसले की ते मध्येच कंबरेला हात लावतात. मग उजवीकडे बघतात आणि थांबतात. पुन्हा लावतात, पुन्हा बघतात. घास तसाच राहतो. नर्सला वाटलं पोटात दुखतंय. तपासण्या झाल्या, औषधं झाली, काही निघालं नाही. तुम्हाला काही माहीत आहे का, हे काय असेल?

मी म्हटलं, नाही, मला काही कल्पना नाही.

ती म्हणाली, असू दे, कसली तरी सवय असेल. मग आमच्या घरी तिच्या वडिलांचे किती चांगले दिवस गेले, त्याबद्दल तिने माझे आभार मानले. मी ते ऐकून घेतले आणि फोन ठेवला.