द्वितीयेची भरती

सुखना तलावाला ना भरती, ना ओहोटी. तरी दिवाळीच्या त्या आठवड्यात मी चंडीगढच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चहाचे उष्टे कप बाजूला सारून, कोकणातल्या खाडीच्या तोंडाचा नकाशा लॅपटॉपवर उघडून बसले होते. रजा मंजूर झाली नव्हती. मोहालीतलं ऑफिस दिवसभर पिळून काढायचं आणि घरी येईस्तोवर डोळे धुराने चुरचुरायचे.

बाबा दर भाऊबीजेला स्वतःची होडी घेऊन आत्याकडे जातात. आमच्या खाडीतून बाहेर, थोडं समुद्रातून, मग पुढच्या खाडीत आत. तोंडाशी वाळूचा दांडा आहे. पूर्ण भरती असली तरच होडी त्यावरून सरकते, नाहीतर रुतते आणि लाट तिला आडवी करते. भरतीची वेळ बाबा तोंडी काढायचे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, संपलं. मला हे त्यांनी शाळेत घालण्याआधीच शिकवलं होतं. भरतीची वेळ काढणाऱ्या माझ्या सॉफ्टवेअरची तर त्यांनी यथेच्छ टिंगल केली होती. "वीज गेली की समुद्र भरायचा थांबतो काय गो?"

यंदा त्यांनीच फोन केला. "तुझ्या त्या यंत्रावर बघून वेळ सांग."

मी सुखावले. म्हातारा एकदाचा शरण आला! अंगात त्राण नव्हतं, तरी बसले. होडी पाण्यात किती बुडते ते भरलं, दांड्यावरची खोली तपासली, जायची रेष आखली. सकाळी आठला पूर्ण भरती, असं उत्तर आलं. ते मी कळवलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पाडव्याच्या संध्याकाळी पणत्या लावून पुन्हा कामाला बसले, तेव्हा लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. बाहेर अंधार पडला होता आणि घड्याळात भर दुपार. आमचा क्लायंट लंडनचा, म्हणून ते घड्याळ मी कायम तिकडच्या वेळेवर ठेवते. सॉफ्टवेअरने भरतीसुद्धा लंडनच्या वेळेने, म्हणजे साडेपाच तास मागे, सांगितली होती. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. भरती दुपारी दीडला, आणि सकाळी आठला दांडा जवळजवळ उघडा. मी लगेच फोन लावला.

"बाबा, चूक झाली माझी. आठला नाही, दीडला निघायचं."

"बरं. दीडला निघतो."

एवढंच. ना हसले, ना चिडले. मलाच राग आला. "अहो, द्वितीयेला सकाळी आठला भरती कशी असेल? तुमच्या लक्षात कसं आलं नाही? दोनची पाऊणपट करा ना!"

त्यांनी पुटपुटत हिशेब केला. मग कौतुकाने म्हणाले, "अगदी सोपं आहे की गो. तुला कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "बाबा, यंदा होडी नको. गाडीने जा."

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांनी एकदा तरी माझं ऐकावं म्हणून मी जन्मभर भांडत आले. आता ते सगळंच ऐकतात.